गाडीला पाजलेलं पाणी

साहेबराव टँकरवर बसला की त्याच्या तोंडाला लगाम नसायचा. रस्त्यात आडव्या बसलेल्या म्हशीला शिवी, रस्त्याचं कंत्राट घेऊन खड्डे ठेवणाऱ्या गुत्तेदाराला शिवी, हात दाखवून फुकट बसू पाहणाऱ्याला तर सात पिढ्यांची. पण हत्तीसोंडेचा चढ आला की गप्प. तिथं तो दात दाबून गिअर टाकायचा आणि काचेतून वर बघायचा. वर त्याची वस्ती होती, आणि वस्तीच्या तोंडाशी हंडे मांडून बाया उभ्या असायच्या.

चिंचाळवाडीनं बुद्धवाड्याला घरकुलाची जागा दिली ती माळावरच्या गायरानात. म्हणजे जिथं कुसळसुद्धा उगवायच्या आधी विचार करतं तिथं. खाली गाव, वर वस्ती, आणि मधे हत्तीच्या सोंडेसारखा वळत जाणारा चढ. दुष्काळात टँकर यायचा तो गावातल्या विहिरीत रिकामा व्हायचा. मग वस्तीतल्या बाया खाली उतरायच्या आणि गावाचं भरून होईपर्यंत उभ्या राहायच्या. कुणी विचारलं तर गाव म्हणायचं, "छे, तसं काही न्हाई आमच्यात. नंबर हाय." नंबर होताच. तो जन्माच्या वेळीच लागलेला होता, एवढंच.

या वर्षी मात्र टँकरचा गुत्ता घेतलेल्या हणमंतरावानं नवी गाडी लावली, आणि नव्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून साहेबराव. वस्तीनं विहाराशेजारी स्वतःच्या हातांनी सिमेंटची टाकी बांधली आणि ग्रामसभेत म्हणाली, आमची खेप आमच्या टाकीत ओता. सरपंच किशनराव बराच वेळ मिशी चाचपत बसला. मग सगळ्यांदेखत बोलला, "नेवा. गाडी चढती तवर नेवा. ज्या दिवशी चढणार न्हाई, त्या दिवसापासून पाणी गावच्या विहिरीत. पुन्हा वाद न्हाई."

साहेबरावची बायको पंचशीला तिथंच म्हणाली होती, "चढंल की! चालवणारा आमचा हाय."

म्हणून चढावर साहेबराव शिवी देत नसे. गाडी चढणं म्हणजे टाकी भरणं, आणि टाकी भरणं म्हणजे खाली जाऊन कुणाच्या तोंडाकडं न बघणं. सगळं त्या एका चढावर टांगलेलं होतं.

आणि नेमका स्टिअरिंगपुढं पिवळा दिवा लागला.

नव्या गाड्यांचं एक लफडं असतं. गाडी घेतली तेव्हा नांदेडला शोरूमवाल्यानं सगळ्या ड्रायव्हरांना बसवून सांगितलं होतं. डिझेल जळलं की धुरात नायट्रोजनचा एक वायू जातो, तो माणसाची छाती जाळतो. म्हणून सायलेन्सरच्या डब्यात मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी बसवलेली असते. धुरावर यूरियाचं पाणी फवारलं की त्या जाळीवर विषारी वायूची साधी हवा होते आणि थोडी वाफ. त्या पाण्याची टाकी वेगळी, निळ्या झाकणाची. ती संपत आली की दिवा लागतो. तरीही भरली नाही की गाडी आपला दम आपणच कमी करते. इंजिन धडधाकट असतं, पण आतलं मशीन त्याचा गळा धरून ठेवतं.

साहेबराव हणमंतरावाकडं गेला. मालक ओट्यावर दाढी करून घेत बसला होता.

"मालक, निळ्या झाकणाचं पाणी संपत आलंय. दिवा लागून राहिलाय."

"लागू दे. देवापुढंबी लागतो."

"गाडी वढंना की चढावर."

"मंग मी काय करू? डिझेल देतो, टायर देतो, आता गाडीला सलाइन लावू का?" हणमंतराव अर्ध्या फेसानं हसला. "सरकारनं माझं बिल दिलं का आजून? बिल निघू दे, मंग तिला दूधबी पाजू. आन् तुझ्या वस्तीचा चढ हाय, माझ्या घरचा न्हाई."

न्हावीसुद्धा हसला. साहेबराव निघून आला.

त्या दिवशी गाडी हत्तीसोंडेवर बैलासारखी गुडघ्यावर आली. पहिल्या गिअरात, रडतखडत, कशीबशी वर पोचली. टाकीत पाइप सोडून साहेबराव चाकाशी बसला, तेव्हा बाया भोवती जमल्या. पुढं नागुबाई. ती त्याची चुलती. अख्खी वस्ती तिला नागूमाय म्हणायची.

"कामून रे सायबू, गाडी आज बाळंतिणीवानी कन्हत व्हती?"

साहेबरावनं सांगितलं. जाळी, धूर, यूरियाचं पाणी, सगळं. नागुबाईनं हनुवटीला बोट लावून ऐकलं.

"म्हंजे गाडी धुरातून वाफ काढती?"

"हाव."

"वाफ म्हंजे पाणीच की. लोखंडाला पाणी काढता येतं आन् सरकारला येईना व्हय!"

बाया हसल्या. पंचशीला शाळेत हुशार होती, नववीपर्यंत शिकलेली. तिला आठवलं. "त्या जाळीला उत्प्रेरक म्हणतात. आमाला सायन्सला व्हतं. तो दुसऱ्याचं काम करून देतो आन् सोता हाय तसाच राहतो."

"मंग आपल्याच भावकीतला म्हण की," नागुबाई म्हणाली. "जलमभर दुसऱ्याचं काम करायचं आन् हाय तिथंच राहायचं."

या वेळी हसणं जरा उशिरा आलं.

मग कुणीतरी म्हणालं, यूरियाचंच पाणी ना? यूरिया तर घराघरात पडून हाय. खरंच होतं. पेरणीच्या भरवशावर आणलेली खताची पोती दोन हंगाम कोपऱ्यात बसून होती. पाऊस आला नाही तर यूरिया टाकायचा कशावर? दगडावर?

"नको," साहेबराव म्हणाला. "शोरूमवाल्यानं सांगितलंय, कंपनीचंच घालायचं."

"त्यो आला व्हता का चढ बघायला?" पंचशीलानं विचारलं.

कंपनीचं पाणी मुखेडला मिळत नव्हतं. नायगावच्या पुढं मोठ्या रस्त्यावरच्या पंपावर मिळायचं, आणि मालक गाडी तिकडं वळवू देत नव्हता. उद्या गाडी चढली नाही की किशनरावाचा शब्द होताच.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक घरातून ओंजळभर यूरिया आला. आणि प्रत्येक घरातून तांब्याभर पाणी. हे लिहिताना सोपं वाटतं. ज्या घरात लेकरांच्या आंघोळीचं पाणी परातीत धरून त्यात कपडे भिजवायचे आणि तेच मग म्हशीपुढं ठेवायचं, त्या घरातनं पिण्याचा तांब्या बाहेर काढणं सोपं नसतं. नागुबाईनं वंदनेला नेसायचं पांढरं लुगडं आणलं. त्याची चौपदरी घडी हंड्याच्या तोंडावर बांधली आणि पाणी गाळलं. "वंगाळ काही जायला नको," ती म्हणत होती. लेकराचं औषध गाळावं तसं ती ते पाणी गाळत होती.

साहेबरावनं निळं झाकण उघडलं. नरसाळं लावलं. त्याला माहीत होतं का? थोडं माहीत होतं. पण समोर बाया उभ्या होत्या, हातात तांबे घेऊन, आणि नाही म्हणायला लागणारी ताकद माणसात पाणी असलं तरच असते.

दिवा विझला.

वस्तीत लग्नासारखा गलका झाला. गाडी त्या दिवशी हत्तीसोंड अशी चढली की धूळसुद्धा मागं राहिली. पंचशीला वरून ओरडली, "सांगा किशनरावाला!" पुढचे काही दिवस चढ म्हणजे चढ राहिलाच नाही. लोक गाडीकडं कौतुकानं बघायचे. नागुबाई तर जाता-येता बॉनेटवर थाप मारायची. "आमच्या हातचं पाणी पेलीस बरं का गं!"

मग एका दुपारी दुसराच दिवा लागला, लाल. पाठोपाठ गाडीनं दम सोडला.

सोंडेच्या ऐन वळणावर, भरल्या टाकीनिशी. साहेबराव पायाखालची पट्टी पार दाबत होता आणि इंजिन तोंडातल्या तोंडात पुटपुटत होतं. पुढं जाईना. त्यानं हँडब्रेक ओढला, उडी मारून चाकाला दगड लावला. वरून बायांनी बघितलं, आणि हंडे घेऊन त्या पळत खाली आल्या. "इथंच सोड रे! इथूनच भरून नेतो, वर टाकीत ओततो!"

त्यानं मागचा व्हॉल्व्ह फिरवला. पहिली धार पंचशीलाच्या हंड्यात पडली.

तेवढ्यात खालून किशनरावाचा ट्रॅक्टर आला. जणू वळणाखालीच टपून होता. वर किशनराव आणि गावातली चार पोरं.

"साहेबराव, बंद कर ते. सरकारी पाणी रस्त्यात वतायचं न्हाई."

"वतून न्हाई राहिलो, भरून देऊन राहिलो."

"गाडीला जीपीएस हाय. खेप कुठं उतरली ते वरच्या साहेबांना दिसतं. टाकीत उतरंल न्हाई तर विहिरीत, तिसरी जागा न्हाई. उद्या हणमंतरावचा गुत्ता गेला तर समदा गावच तहानलेला मरंल. मंग लोक कुणाचं नाव घेतील?" किशनराव आवाज चढवत नव्हता. त्याला गरजच नव्हती. "आन् शब्द काय ठरला व्हता? चढती तवर. चढली का?"

पंचशीलाचा हंडा निम्मा भरला होता. तिनं नवऱ्याकडं बघितलं. मागं रांगेत नागुबाई होती, मग सरजाबाई, मग बाकीच्या. सगळ्यांचे हंडे रिकामे. साहेबरावनं व्हॉल्व्ह बंद केला. दुसऱ्या कुणी नाही, त्यानंच, स्वतःच्या हातानं. चाकी अशी घट्ट आवळली की थेंबसुद्धा गळू नये.

ट्रॅक्टरनं साखळी लावून टँकर मागं ओढत खाली नेला आणि पाणी गावाच्या विहिरीत धो धो पडलं. वरपर्यंत आवाज येत होता.

मुखेडला गुरुपादप्पाच्या गॅरेजात गाडी उभी राहिली. गुरुपादप्पा मूळचा उदगीरकडचा, कानडी वळणाचा म्हातारा मिस्त्री. त्यानं डबा उतरवला, फवाऱ्याची नळी सोडवली आणि नाकाशी नेली.

"काय रे अप्पा, गाडीला कडुनिंब पाजला कोण?"

हणमंतराव शेजारी उभा होता. साहेबराव खाली बघत होता.

गुरुपादप्पानं बोटानं खरवडून दाखवलं. नळीच्या तोंडावर पांढरं, खडीसाखरेसारखं घट्ट बसलेलं. आतली जाळीही तशीच, भोकं बुजलेली. "शेतातला यूरिया हाय हा. त्याला निंबाचं तेल लावलेलं असतंय. आणि पाणी विहिरीचं, जड. त्यातला क्षार जाळीवर बसला. आता घासून जात नाही, धुऊन जात नाही. नवा डबा टाका नाहीतर सोडून द्या."

दुसऱ्याचं काम करून स्वतः तसाच राहणारा तो उत्प्रेरक. पण तसा राहिला नव्हता. त्यालाही शेवटी चिंचाळवाडीचं पाणी बाधलं.

"कुणी घातलं?" हणमंतरावनं विचारलं.

"मी," साहेबराव म्हणाला.

"एकट्यानं?"

"एकट्यानं."

"अक्कल गहाण टाकली व्हती का?"

यावर तो म्हणू शकला असता, तुमच्याकडं मागायला आलो होतो, तुम्ही दाढी करत होता. म्हणाला नाही. म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, यूरिया कुठून आणला, कोणाकोणाच्या घरून. मग किशनरावाला ग्रामसभेत उभं राहून बोलायला मिळालं असतं, बघा, यांना टाकी दिली तर यांनी गाडीच मारली. साहेबरावनं किल्ली काढून मालकाच्या हातात दिली.

"खोटं मशीन बसतंय म्हणे," हणमंतराव गुरुपादप्पाला म्हणाला. "गाडीला वाटतं समदं ठीक हाय, आन् पळती."

"बसतंय. विष सगळं धुरातून बाहेर जातंय. मी बसवत नाही."

"बसवणारे लई हायत," हणमंतराव म्हणाला. आणि ते खरंच होतं.

साहेबराव घरी आला तेव्हा नागुबाई दारात हंडा घेऊन बसली होती. वर लुगड्याची घडी बांधलेली.

"गाडीला कमी पडलं आसंल माझ्या बाबा. मागच्या टायमाला सरजीनं हात आखडता घेतला, मला दिसलं. म्हणून या खेपंला मी एकटीनं केलंय. चांगलं घट्ट केलंय."

हंडा भरलेला होता. तिच्या वाट्याचं खाली विहिरीवर उभं राहून आणलेलं पाणी त्यात गेलं होतं. त्या पाण्यात आता यूरिया होता. माणूस ते पिऊ शकत नव्हतं, म्हैस पिऊ शकत नव्हती. विहारापुढच्या पिंपळाला घालावं तर एवढ्या घट्ट खतानं झाड जळलं असतं. पातळ करावं तर पाणी कुठं होतं?

साहेबराव म्हणाला, "ठेव माय. गाडी आली की घालू."

एवढंच त्याला सुचलं.

गाडी नादुरुस्त, तर दुसरा टँकर मागायचा, असा कायदा आहे. पंचशीला म्हणाली, चला मागू. मुखेडच्या तहसीलला गेले तर तिथला साहेब म्हणाला, "तुमचं गाव आता नव्या जिल्ह्यात गेलं. अर्ज तिकडं." नवा जिल्हा नुकताच झालेला. फटाके फुटले होते, पेढे वाटले होते, आता सरकार दारात येणार असं किशनरावानं भाषणात सांगितलं होतं. दोघं एस.टी.नं नव्या जिल्ह्याच्या गावी गेले. कचेरी एका मंगल कार्यालयात होती. भिंतीवर 'शुभविवाह' अजून तसंच होतं, आणि खाली, जिथं नवरा-नवरी बसतात त्या चौथऱ्यावर, कारकून.

"चिंचाळवाडी? आमच्याकडं आलीय, पण दप्तर आलं नाही नांदेडहून."

"दप्तर नसंल, माणसं तर हायत," पंचशीला म्हणाली.

"ताई, मला कागद लागतो. माणसं सगळीकडंच असतात."

"मंग आमी नांदेडचे का तुमचे?"

"सध्या," तो म्हणाला, आणि खरोखर विचार करून म्हणाला, त्यात कुचेष्टा नव्हती, "सध्या तसं सांगता येणार नाही."

बाहेर मोठ्या मैदानावर मांडव पडत होता. उद्‌घाटनाला वरचे लोक हेलिकॉप्टरनं येणार होते, म्हणून धूळ बसवायला टँकर पाणी शिंपडत फिरत होता. साहेबरावनं आवाजावरून ओळखला. तीच गाडी. दिवा नाही, कन्हणं नाही, मस्तवाल पळत होती, आणि मागं डोळे चुरचुरतील असा धूर. स्टिअरिंगवर हणमंतरावाचा दुसरा ड्रायव्हर, रामकिशन.

"आरं रामकिशन! कुठलं पाणी हे?"

"कुठलं म्हंजे? आपल्याच विहिरीवरचं, जिथून तू भरायचास." रामकिशनला लाजल्यासारखं झालं. "माझ्याकडं बघू नको दादा. मालक म्हणला हिकडं लाव, हिकडं लावली. गावाला जुनी गाडी दिलीय. ती काही तुमचा चढ चढायची न्हाई."

पंचशीला मैदानाकडं बघत राहिली. तांबडी माती पाणी पीत होती, आणि वाळत होती, आणि पुन्हा पीत होती.

"दगड मारू का?" तिनं विचारलं.

"मारून काय व्हईल?"

"काही न्हाई व्हणार. म्हणूनच इचारून राहिले."

दोघं एस.टी. स्टँडकडं चालू लागले.

वस्तीवर परतले तेव्हा टाकीच्या तळाला भेगा पडायला लागल्या होत्या. सिमेंटलासुद्धा पाणी लागतं. पंचशीला घरात गेली. नागुबाईनं साहेबरावला हाक मारली, जरा दबक्या आवाजात. तिच्या ओसरीत तो हंडा होता. उन्हाच्या झळांनी पाणी निम्म्याच्या खाली उतरलं होतं, आणि हंड्याच्या आतून, काठापर्यंत, पांढरं बसलं होतं. खडीसाखरेसारखं, घट्ट.

नागुबाईनं नखानं खरवडलं. निघालं नाही. बोट नाकाशी नेलं.

"सायबू, गाडीच्या पोटात आसंच झालं व्हतं का रे?"

"न्हाई माय. गाडीच खराब निघाली."

तिनं त्याच्याकडं असं बघितलं, जसं लहानपणी गूळ खाऊन तोंड पुसून आलेल्या साहेबरावकडं बघायची. मग लुगड्याची घडी सोडली, झटकली आणि हंड्याच्या तोंडावर पुन्हा नीट पसरली. आतलं दिसू नये म्हणून.

"बरं," ती म्हणाली. "पर बायांना हे दावू नको. सरजी लई हळव्या मनाची हाय. तिनं लेकराच्या तोंडचा तांब्या दिला व्हता."

खाली गावात जुन्या टँकरचा हॉर्न वाजला. घराघरातून बाया हंडे घेऊन निघाल्या. नागुबाईनं कोपऱ्यातला दुसरा, रिकामा हंडा उचलून काखेत घेतला आणि त्यांच्या मागून हत्तीसोंड उतरू लागली. साहेबराव वळणापर्यंत तिच्यामागं गेला. तिथं त्यानं चाकाला लावलेला दगड अजून पडलेला होता. त्यावर तो बसला. चढाकडं बघत त्याला एक सणसणीत शिवी द्यायची होती, पण कुणाला, ते ठरेना. खाली बाया विहिरीपाशी पोचल्या, आणि आपल्या जागी, मागं, उभ्या राहिल्या.